लिस्बनला आपली भाषा चालते

तोंडावर मी त्याला साहेब म्हणत असे. मनात तो ‘तो’च होता. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, आणि वसईचा. आपल्याच गावच्या माणसाला परमुलखात साहेब म्हणायला जीभ लवकर वळत नाही. इथे मी मनातलंच लिहिते.

मस्कतमध्ये समुद्राकाठी एक मोठं हॉटेल आहे, त्याच्या लाँड्रीचा तो मुख्य होता. मी त्याच्या हाताखाली रफू करायची. फाटलं की माझ्याकडे यायचं, डाग पडला की त्याच्याकडे. डाग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. चादर उजेडात धरायची, नाक जवळ न्यायचं आणि म्हणायचं, “ही हळद नाही, केशर आहे. हळदीला साबण लावला की ती लाल होते. ही होणार नाही. बघ.” आणि ती व्हायची नाही.

त्याची पँट कधी चुरगळलेली कोणी पाहिली नाही, कारण त्याला कधी बसलेलं कोणी पाहिलं नाही. आमचं राहणं अझैबाला, स्टाफच्या इमारतीत. तिथून हॉटेलची बस सुटायची. बस अर्धी रिकामी असली तरी हा दांडा धरून उभा. ड्रायव्हर मल्याळी होता, तो रोज सांगायचा, “सर, बैठो ना. ब्रेक मारेगा तो गिरेगा.” हा म्हणायचा, “गिरूंगा तो सीधा गिरूंगा.”

लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणे, कॉलरला नीट इस्त्री करील अशी बाई भेटली नाही. मला वाटतं, असा नवरा पत्करील अशी भेटली नसावी.

पण त्याचं खरं वेड वेगळंच होतं. त्याच्या मते तो पोर्तुगीज होता.

रंगाने तो माझ्यासारखाच, तव्याच्या बुडासारखा. घर वसईच्या किल्ल्याजवळ, एवढंच त्याचं पोर्तुगीजपण. आम्ही केळीच्या वाडीतले, म्हणून आम्हाला तो जरा खालचे समजायचा. त्याच्याजवळ एक वही होती. मराठीत पोर्तुगीजांचे किती शब्द आहेत ते त्यात लिहिलेले होते. साबण, इस्त्री, चावी, बालदी, मेज, पाव, पगार, पाद्री, घमेलं, बटाटा, पेरू. सकाळी लाँड्रीत आलं की मला विचारायचा, “बाय, हातात काय आहे?”

“बालदी.”

“पोर्तुगीज! आणि बालदीत?”

“साबण.”

“पोर्तुगीज! बघ, न शिकता तू अर्धी पोर्तुगीज बोलतेस. आपल्याला लिस्बनला नेऊन सोडलं तर आपण उपाशी मरणार नाही. तिथे आपली भाषा चालते.”

मी चौथी पास. आपल्याला दोन भाषा येतात हे मला माहीत नव्हतं. ऐकून बरंसुद्धा वाटायचं.

दापोलीकडचा एक चाचा चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरवर काम करायचा. एकदा तो न राहवून म्हणाला, “साहेब, साबणाला हे ओमानी पण साबूनच म्हणतात. मग मी काय अरब मालकाचा जावई?” लाँड्रीतल्या सगळ्यांना हसू आवरेना. साहेब आठवडाभर चाचाशी बोलला नाही. बोलायचं झालं तर माझ्याकडून निरोप. दोघं हातभर अंतरावर उभे, आणि मी मधे, “साहेब म्हणतात, रोलर गरम आहे.” “साहेबांना सांग, माझे हात माझ्याजवळ आहेत.”

मस्कतमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली आमची मिस्साही शुक्रवारी. मिस्सा झाली की कधीकधी तो आम्हा वसईकरांना जुन्या मस्कतला घेऊन जायचा. तिथे समुद्राच्या तोंडावर दोन किल्ले आहेत. त्यांच्याकडे हात करून म्हणायचा, “आपल्या लोकांनी बांधले.”

“आपल्या म्हणजे कुणाच्या?” मी एकदा विचारलं.

“पोर्तुगीजांच्या.”

“साहेब, तुमच्या-माझ्या वाडवडलांनी त्यांचे दगड वाहिले. ते लोक आज आले तर तुमची पाठ ओळखतील, तोंड ओळखणार नाहीत.”

तो तडक दारावरच्या ओमानी शिपायाकडे गेला. त्याला इंग्रजीत सांगितलं की हा किल्ला आमच्या लोकांनी बांधला. शिपाई तरणा पोरगा होता, फार सभ्य. हसून म्हणाला, “हो ना. मग आम्ही घेतला. खलास.”

दुसरा राग त्याचा पेशव्यांवर. मराठ्यांनी वसई जिंकली म्हणून आपण पोर्तुगालचे राहिलो नाही, आणि गोवेकर राहिले म्हणून आज त्यांना पोर्तुगालचे पासपोर्ट मिळतात, असं त्याचं गणित. फ्रंट ऑफिसला एक पुणेकर होता. कँटीनमध्ये हा दर नाताळाला त्याला विचारायचा, “वसई कधी परत करताय?” पुणेकर भात कालवता कालवता म्हणायचा, “अर्ज करून ठेवा.”

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग त्याला साठावं लागलं.

हॉटेलने कळवलं की मुदत वाढणार नाही. साठीची अट मुख्यांना होती, रफूवालीचं वय कोणी विचारत नव्हतं. वसईला भावाने घराचा पुढचा भाग पाडून इमारत बांधली होती आणि ह्याच्यासाठी मागे एक खोली ठेवली होती. वहिनीने फोनवर सांगितलं होतं, “या भावजी, पाण्याचा पंप चालू-बंद करायला कोणीतरी हवंच आहे.” ज्याच्या हाताखाली चाळीस माणसं, तो आता भावाचा पंप चालू-बंद करणार. त्याची झोप उडाली ती तिथे.

आणि नेमकी तेव्हाच हॉटेलने त्या वर्षीची उत्तम खाती निवडली, त्यात आमची लाँड्री आली. मालकांचं आणखी एक हॉटेल लिस्बनला आहे. तिथली लाँड्री बघायला खात्याचा मुख्य आणि सगळ्यात जुना कामगार अशा दोघांना तीन दिवस पाठवायचं ठरलं. सगळ्यात जुनी मी.

सगळे म्हणाले, काय नशीब. साहेब म्हणाला, “नशीब नाही, बोलावणं.” त्याने मनाशी पक्कं केलं की लिस्बनची लाँड्री आपल्याला ठेवून घेणार. आपलं काम बघतील, आपली भाषा ऐकतील, म्हणतील, अरे हा तर आपलाच. नुसतं मनाशी केलं असतं तर चाललं असतं. हा सगळ्यांना सांगत सुटला. मी परत येत नाही. टेबल फॅन चाचाला दिला, कुकर लाँड्रीतल्या नेपाळी मुलींना दिला, गादी ड्रायव्हरला दिली. कँटीनमध्ये निरोपाचा केक कापला. पणजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला त्याच्याजवळ होता, त्याला घड्या पडल्या होत्या म्हणून त्यालाही इस्त्री केली. कागद जरा करपला. म्हणाला, बरं झालं, जुना दिसतो.

मी विमानात विचारलं, “आणि नाही म्हणाले तर?”

“बाय, तू डाग लावू नकोस.” हे तो उभ्यानेच म्हणाला. अर्धा प्रवास तो संडासाच्या दाराशी उभा होता. लोक त्याच्या मागे रांग लावायचे.

लिस्बन म्हणजे नुसते चढ. माझ्या गुडघ्यांनी ते शहर पाहिलं, डोळ्यांनी कमी. राजवाडे, चर्चं, पुतळे, पिवळ्या ट्राम, सगळं आहे. पण माझ्या लक्षात राहिलं ते हे, की आपण मोरीत लावतो तसल्या टाइल्स ते लोक घराला बाहेरून लावतात. निळ्या-पांढऱ्या, नक्षीच्या. घरच्या घर मोरीसारखं. आणि दुसरं म्हणजे वाळत घातलेले कपडे. एवढी जुनी राजधानी, आणि प्रत्येक खिडकीखाली दोरी, दोरीवर चादरी, गंजिफ्राक, चड्ड्या. खाली लोक फोटो काढतात. मला पहिल्यांदा तिथेच बरं वाटलं. साहेब मान खाली घालून चालला होता. “बघू नकोस,” मला म्हणाला. “ही गरीब वस्ती असेल.” पुढच्या गल्लीतही तेच. त्याच्या पुढच्या गल्लीतही. शेवटी म्हणाला, “चिमटे तरी एका रंगाचे लावावेत.”

तिथे पोचल्यापासून त्याने इंग्रजी सोडलं होतं. म्हणे, इंग्रजी बोललो तर मी कोणीही इंडियन. पोर्तुगीज बोललो तर त्यांचा. हॉटेलात शिरताच काउंटरवरच्या मुलीला त्याने खणखणीत सांगितलं, “चावी!” तिने हसून दोन कार्डं पुढे केली. ह्याचे डोळे भरून आले. “पाहिलंस? चावी म्हटलं, चावी दिली.” मी म्हटलं, “साहेब, बॅग घेऊन काउंटरवर आलेला माणूस मुका असता तरी तिने हेच दिलं असतं. आणि ही चावी नाही, कार्ड आहे.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, मांस वर्ज्य. दुपारी एका खानावळीत शिरलो. मी म्हटलं, भात आणि मासा काय असेल ते मागवा. तो म्हणाला, आज नुसतं फळ खाऊ, आणि वेटरला दोन बोटं दाखवून म्हणाला, “पेरू.”

“पेरू?” वेटर म्हणाला.

“पेरू!” हा म्हणाला. माझ्याकडे असा वळून बघितलं की जणू पेरूचं झाड त्यानेच लावलं होतं.

थोड्या वेळाने दोन ताटं आली. ताटात मांसाचा हा एवढा तुकडा, बाजूला तळलेला बटाटा.

“नो, नो. पेरू!”

वेटर ताटाकडे बोट दाखवून म्हणाला, “पेरू!”

“पेरू!”

“पेरू!”

दोघं एकच शब्द बोलत होते आणि दोघं चिडत होते. शेवटी वेटरने दोन्ही हात बगलेत घेऊन पंखासारखे हलवले आणि गळ्यातून कुडकुड आवाज काढला. तेव्हा आम्हाला कळलं. त्या लोकांत पेरू म्हणजे टर्की. नाताळात गोरे खातात तो मोठा पक्षी.

साहेबाने ताट दूर सारलं आणि पाव मागितला. पाव मिळाला. तो शब्द बरोबर होता. मी माझं ताट खाल्लं, आणि मग त्याचंही. तो म्हणाला, “पाप लागेल.” मी म्हटलं, “मागवलं कुणी ते देवाने ऐकलंय.”

त्याच संध्याकाळी लाँड्री बघायची होती. तळघरात. मुख्य म्हणजे एक जाडजूड बाई, साठीची, गळ्यात दोरीने चष्मा बांधलेला. माणूस म्हणून बरी होती. साहेब सरळ उभा राहिला आणि एकेका वस्तूला हात लावून सुरू झाला. “साबण!” ती म्हणाली, “सबांव!” “बालदी!” “बाल्द!” “मेज!” “मेझा!” तिला मजा वाटत होती, लहान पोराला खेळवावं तशी. मग ह्याने इस्त्री उचलली. “इस्त्री!” तिला कळेना. तीनदा म्हणाला. ती म्हणाली, “फेर्रु.” साहेबाने वही काढली, इस्त्रीवर काट मारली आणि वही खिशात ठेवली. उभ्या जन्माचं काम इस्त्रीचं, आणि तोच शब्द त्याला तिथे सोडून गेला.

पण मग एक टेबलक्लॉथ आला, लाल दारूचा मोठा डाग पडलेला. साहेबाने बाह्या दुमडल्या. मीठ, गरम पाणी, आणखी काय काय. मी बघत होते, ती बाई बघत होती, तिथल्या मुली काम सोडून बघत होत्या. डाग गेला. बाईने टाळ्या वाजवल्या आणि ह्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याला वाटलं, हीच वेळ. करपलेला दाखला काढून तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून पाहिला, मान डोलावली, परत दिला. मग ह्याने छातीवर हात ठेवला आणि विचारलं, “पगार?”

बाई दचकली. “नांव, नांव!”

मला वाटलं ती नाव विचारतेय. मी माझं सांगितलं.

“गप्प!” साहेब दबक्या आवाजात म्हणाला. “त्यांच्यात नांव म्हणजे नाही.” आणि परत तिच्याकडे वळून, आधी स्वतःला, मग लाँड्रीला बोट लावून, “पगार? पगार?”

“साहेब, इंग्रजीत विचारा,” मी म्हटलं.

बाई हसत होती, दोन्ही हात हलवत होती. “नांव, नांव” करत ती भराभर बरंच काही बोलली, त्यातला शेवटचा शब्द तेवढा कळला, पगार. वर साबणाची एक वडी भेट म्हणून त्याच्या हातात दिली.

त्याचा चेहरा दगडासारखा झाला. “चल, बाय.”

बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाला, “फुकट राबवायचं म्हणते. काम बघितलं, खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणते पगार नाही. चारशे वर्षं झाली, अजून ह्यांना माणूस फुकटच हवा.”

इतक्या वर्षांत त्या लोकांबद्दल हे पहिलंच शहाणपणाचं वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं.

माझी पिशवी आत राहिली होती म्हणून मी एकटी परत गेले. तिथे एक नेपाळी मुलगी होती, हिंदी बोलणारी. तिने विचारलं, “आंटी, अंकल नाराज क्यों हो गए?”

मी म्हटलं, “पगार नहीं देगा बोला ना तुम्हारी मॅडम.”

ती हसायलाच लागली. “आंटी, यहाँ पगार मतलब पैसा देना। अंकल पूछ रहे थे, मैं पैसा दूँ? मैडम बोली, नहीं नहीं, मेहमान से कौन पैसा लेता है।”

मी चादरींच्या ढिगावर टेकले. मग विचारलं, “अंकल को काम मिलेगा क्या इधर? सच बोल.”

“साठ साल में? इंडिया के पासपोर्ट पर? मैडम को खुद इसी साल घर भेज रहे हैं, आंटी।”

बाहेर तो कोपऱ्यावर उभा होता, साबणाची वडी हातात घेऊन. सांगितलं असतं तर तो परत आत गेला असता. दुसऱ्या शब्दात विचारलं असतं, आणि ह्या वेळी खरं उत्तर मिळालं असतं. त्याला नोकरी नव्हतीच. आता निदान ती त्याने नाकारली होती. दया वगैरे मला फारशी येत नाही. पण त्या चढावर पुन्हा वर-खाली करायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, “चला. पिशवी मिळाली.”

मस्कतला बसच्या दारात दिसला तेव्हा लोक बघतच राहिले. परत न येणारा माणूस तीन दिवसांत परत. त्याने दांडा न सोडता तिथल्या तिथे सांगितलं. काम देत होते, पगार देत नव्हते. मी थुंकून आलो. चाचाने त्या दिवशीच फॅन आणून दिला, मुलींनी कुकर दिला, शिटी हरवलेली. गादी आली नाही.

शेवटचे तीन महिने तो रोज हे सांगायचा. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून, “बाय होती तिथे.” मी सुईत दोरा ओवत असायची. दोरा कधी कधी फार वेळ ओवला जायचा नाही.

मग खरा निरोप आला. कँटीनमध्ये पुन्हा केक, पुन्हा सगळे. अरबी मालकांच्या ऑफिसातलेही दोघं होते. साहेबाने पुन्हा लिस्बन सुरू केलं. फ्रंट ऑफिसचा पुणेकर समोरच उभा होता. त्याने अगदी गोड आवाजात विचारलं, “साहेब, एक शंका. पगार नाही म्हणाले, की नोकरी नाही म्हणाले?”

कोणी हसलं नाही. सगळ्यांना तेच विचारायचं होतं. साहेब पँटच्या घडीवरून बोट फिरवायला लागला. मागची एक खोली, पाण्याचा पंप, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. वर न बघता तो म्हणाला, “विचारा बायला. ती खोटं बोलत नाही.”

हे खरं आहे. त्यामुळे माझं कोणाशी जमलं नाही.

सगळे माझ्याकडे वळले. मी उठले आणि म्हटलं, “ती बाई म्हणाली, नाही पगार. हात हलवून म्हणाली. ह्या कानांनी ऐकलंय मी.”

पुणेकराने मान खाली घातली. चाचा म्हणाला, “बघ की!” कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

साहेबाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “नाही पगार नाही,” तो मला म्हणाला. “नांव पगार. नांऽव. तीन दिवस राहिलीस तिथे, बाय, एक शब्द नीट आणता आला नाही तुला.”

सगळे हसले. मला.

मी तोंड उघडलं. सगळं सांगायचं म्हणूनच उघडलं होतं, पेरूपासून. तेवढ्यात चाचाने केकचा तुकडा पुढे केला, “खा बाय, खा.”

खाल्ला. दुसरा मी मागून घेतला.